काळ्या पाषाणाचा वाचक : स्टीफन हिस्लॉप

काही माणसांचे नाव जगाच्या तोंडी राहते, पण माणूस मात्र त्या नावामागे लपून जातो. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज विदर्भात आणि मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? आमच्या हदगाव तालुक्यातील मुले उमरखेड-यवतमाळच्या वाटेने नागपूरला शिकायला जातात, सुट्टीत परत आली की तेथील कॉलेजांची नावे मोठ्या रुबाबात घेतात. त्या नावांत हे एक नाव हमखास असते. पण हा हिस्लॉप कोण होता, कोठून आला, त्याने काय केले आणि कसा गेला, हे सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षाला भूगोलाच्या तासाला दख्खनच्या पठाराचा धडा चालू असताना आमच्या सरांनी हे नाव घेतले आणि आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाचे पान उलगडून वाचणाऱ्या पहिल्या काही माणसांत हा एक होता असे सांगितले. त्या दिवसापासून हे नाव माझ्या मनातून गेले नाही.

त्याला कारणही तसेच आहे. माझे वडील विहिरी खोदतात. घरात मी पहिलीच कॉलेजात आलेली. आमच्या घरात पुस्तक नव्हते, पण दगड मात्र भरपूर होता. पहार, टिकाव, घण आणि सुरुंगाची दारू यांच्या बोलण्यातच मी लहानाची मोठी झाले. ज्या दगडाशी झुंजण्यात माझ्या वडिलांचे सारे आयुष्य गेले, त्या दगडावर कोणी विद्वानाने आयुष्य वेचले असेल हे मला नवल वाटले. म्हणून हा लेख.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. लहानपणापासून त्यांना रानावनात हिंडण्याचा, किडे आणि दगड गोळा करण्याचा नाद होता. पुढे एडिंबरो आणि ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. भूगर्भशास्त्राची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. ते शिकले धर्मशास्त्र, आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४४ च्या अखेरीस मुंबईच्या बंदरात उतरले. १८४५ मध्ये ते नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. जवळच कामठीला इंग्रजांची छावणी होती. हिस्लॉप यांनी मराठी शिकायला घेतली आणि १८४६ मध्ये नागपूर शहरात शाळा काढली. आजचे कॉलेज त्या शाळेच्या परंपरेतूनच पुढे १८८३ मध्ये उभे राहिले. म्हणजे ज्या कॉलेजाला त्यांचे नाव आहे ते कॉलेज त्यांनी स्वतः कधी पाहिलेच नाही.

त्यांचे मुख्य काम धर्मप्रचाराचे होते, हे लपवण्याचे कारण नाही. त्या कामाबद्दल ज्याचे त्याचे मत असू शकते. माझा विषय आहे तो दिवसभराची शाळा आणि उपदेश आटोपल्यावर संध्याकाळी फिरायला निघणारा हिस्लॉप. कारण शास्त्राच्या इतिहासात जो हिस्लॉप राहिला आहे, तो या संध्याकाळच्या फिरण्यातूनच घडला.

येथे थोडे आपल्या जमिनीविषयी सांगितले पाहिजे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग एका काळ्या खडकावर वसलेला आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. हा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. फार प्राचीन काळी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त रस बाहेर आला, पसरला आणि गोठला. मग पुन्हा रस आला, पुन्हा गोठला. अशा थरांवर थर चढत सह्याद्री आणि दख्खनचे पठार बनले. दुरून पाहिले तर डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी पायरी या अर्थाच्या युरोपीय शब्दावरून त्याला ट्रॅप हे नाव दिले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पश्चिम घाटात तो फार जाड आहे आणि पूर्वेकडे येता येता पातळ होत जातो. आमच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे तो संपतो आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. नागपूरही या काळ्या खडकाच्या अशाच काठावर वसले आहे. काठावर बसलेल्या माणसाला आतले आणि बाहेरचे, दोन्ही दिसते. हिस्लॉप यांना ही जागा मिळाली हा योगायोग होता, पण तिचा उपयोग करून घेणे हा त्यांचा गुण होता.

काळ्या खडकाच्या या प्रदेशात पूर्वीच्या जीवांच्या खुणा सापडतात हे त्यांच्या आधीही काहींनी पाहिले होते. मद्रासकडील सैन्यातील डॉक्टर माल्कमसन यांनी हैदराबादहून नागपूरला येणाऱ्या वाटेवर, निर्मळच्या डोंगराळ भागात, दगड झालेले शिंपले गोळा केले होते. निर्मळ म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या अगदी शेजारचे. पण अशा शोधांचा सलग पाठपुरावा त्या भागात राहणाऱ्या कोणीतरी करायला हवा होता. वाटसरूला पान दिसते, वाचायला मात्र मुक्काम लागतो.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी हिस्लॉप यांच्या सोबतीला आले. दोघांनाही सृष्टिविज्ञानाची गोडी होती. १८५१ मध्ये नागपूरच्या पश्चिमेला टाकळी गावाजवळ फिरत असताना त्यांना दगडात गोगलगाईचे शंख आढळले. गोगलगाई साध्या, गोड्या पाण्यातल्या. आपल्या तळ्यात आणि ओढ्यात असतात तशा. पण त्या होत्या दगडाच्या, आणि तो दगड होता लाव्ह्याच्या थरांच्या मधला. दोघांनी ती जागा सोडली नाही. पुन्हा पुन्हा जाऊन त्यांनी तेथून माशांचे खवले, कासवाची हाडे, झाडांची फळे आणि बिया, एवढेच नव्हे तर भुंग्यांचे कठीण पंख गोळा केले.

या शोधाचा अर्थ काय, हे मला पुस्तकापेक्षा माझ्या वडिलांच्या कामावरून लवकर उमगले. विहीर खोदताना वर काळी माती लागते, मग मुरूम, मग पाषाण. पाषाण फोडून खाली गेले की कधी भोकाभोकांचा मऊ खडक लागतो, त्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. भोकांत कधी पांढरीशुभ्र, काचेसारखी गारगोटी बसलेली असते. कधी हातभर जाडीचा लाल मातीचा थर लागतो, तो गेरू. त्याच्याखाली पुन्हा पाषाण. वडिलांना हा क्रम पाठ आहे. मांजऱ्या लागला की पाण्याची आशा धरायची आणि गेरू लागला की जपून राहायचे, कारण तो ओला झाला की ढासळतो. पण हा क्रम असा का, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

उत्तर असे आहे. लाव्ह्याचा एक थर गोठला की दुसरा लगेच येत नसे. मध्ये पुष्कळ काळ जाई. त्या काळात खालच्या थरावर पाऊस पडे, ऊन लागे, त्याचा वरचा भाग कुजून लाल माती होई. खोलगट जागी तळी साचत. तळ्यात गोगलगाई आणि मासे होत, काठाला झाडे उगवत, झाडांवर भुंगे बसत. मग एके दिवशी पुन्हा जमीन फाटे आणि नवा लाव्हा त्या साऱ्यावर पसरे. तळे गाडले जाई, पण त्यातला गाळ दगड होऊन दोन थरांच्या मध्ये शिल्लक राही. म्हणजे जाड काळा पाषाण हा प्रलयाचा आहे, आणि मधला पातळ थर हा जगण्याचा आहे. टाकळीला हिस्लॉप आणि हंटर यांना जे सापडले ते हे मधले जगणे होते. आपण विहिरीतून काढलेला गाळ आणि गेरू बांधावर फेकून देतो. इतिहास नेमका त्यातच लिहिलेला असतो. हिस्लॉप यांच्या कामातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. मोठ्या थराने त्यांचे डोळे दिपले नाहीत, ते पातळ थरापाशी थांबले.

दोघांनी मिळून नागपूर आणि आसपासच्या प्रदेशाच्या भूगर्भरचनेवर जो निबंध लिहिला तो लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला. हाडे, शिंपले, पाने हे सर्व पेट्यांत भरून त्यांनी विलायतेला पाठवले. वर्धा नदीच्या खोऱ्यातील मंगळी येथून मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या हाती गेली आणि त्यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. हा प्राणी काळ्या पाषाणाच्याही फार आधीचा. नागपूरच्या भुंग्यांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये केले, तर वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये. हेन्री कार्टर यांनी १८५८ मध्ये गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म वसाहती जीवाला हिस्लॉपिया असे नाव दिले. तो जीव आजही याच नावाने ओळखला जातो. हिरवट रंगाच्या एका कॅल्साइट खनिजालाही १८५९ मध्ये हिस्लॉपाइट हे नाव मिळाले. दगडाच्या आणि पाण्यातल्या जिवाच्या, दोन्ही वह्यांत नाव असलेला शाळामास्तर विरळाच म्हणायचा.

नागपूर-कामठीच्या वालुकाश्मांत त्यांना पानांचे ठसे मिळाले. अशीच पाने ऑस्ट्रेलियाच्या कोळशाच्या थरांत मिळतात, हे साम्य त्या वेळीच अभ्यासकांच्या ध्यानात आले. समुद्रापलीकडच्या दोन देशांत एकसारखी पाने कशी, हा प्रश्न पुढे फार मोठा झाला. १८७२ मध्ये मेडलिकॉट यांनी या थरांसाठी गोंडवन हे नाव सुचवले. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी त्यावरून एका प्राचीन भूखंडाची कल्पना मांडली आणि आपल्या गोंडांचे नाव जगाच्या भूगोलात जाऊन बसले. आमच्या किनवट-माहूर भागात गोंड बांधव राहतात. त्यांच्या नावाने एका बुडालेल्या जगाची ओळख आहे, हे त्यांच्या किती मुलांना शाळेत सांगितले जाते?

हिस्लॉप यांना गोंडांविषयी निव्वळ कुतूहल नव्हते, आस्था होती. त्यांनी गोंडी भाषेचे शब्द टिपून ठेवले, गोंडांची गाणी आणि लिंगो देवाची कथा लिहून घेतली. ज्या काळात साहेब लोक या जमातींना रानटी म्हणून मोकळे होत, त्या काळात एक माणूस त्यांची कथा शब्दशः उतरवून घेत होता. दगडाचा पातळ थर असो की माणसांचा बाजूला पडलेला थर असो, त्यांची दृष्टी एकच होती.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले. औरस वारस नाही या सबबीवर १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८५५ मध्ये हंटर यांना मायदेशी परतावे लागले आणि शाळा, मिशन आणि दगड या तिन्हींचा भार एकट्या हिस्लॉप यांच्यावर पडला. १८५७ मध्ये नागपुरातही उठावाची तयारी झाली. त्याची कुणकुण हिस्लॉप यांना एका मुसलमान परिचिताकडून लागली आणि ती त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांना कळवली. उठाव दडपला गेला. स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांचे स्मरण करणाऱ्या आपल्या पिढीला हा प्रसंग खुपतो, आणि तो खुपलाच पाहिजे. माणूस मोठा म्हणून त्याच्या चरित्रातील अवघड पान फाडून टाकणे बरे नव्हे. ते परक्या सत्तेच्या बाजूचे होते आणि त्याच वेळी या मातीचे साक्षेपी वाचकही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पाषाणाचे थर जसे एकावर एक असतात, तसे माणसाचेही असतात.

१८५८ ते १८६० या काळात ते रजेवर मायदेशी होते. तेथे विश्रांती घेण्याऐवजी त्यांनी आपला संग्रह शास्त्रज्ञांना दाखवला आणि ट्रॅपच्या मधल्या गाळथरांवर दुसरा मोठा निबंध प्रसिद्ध केला. शिंपल्यांची तुलना करून हे थर त्यांनी तृतीय युगातले, म्हणजे महाकाय सरड्यांचे युग संपल्यानंतरचे ठरवले. पुढे १९३० च्या दशकात लखनौचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनीही दगड झालेल्या ताडांच्या आणि पाणवनस्पतींच्या आधारे साधारण तेच मत मांडले.

आज काय दिसते? किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजमापावरून दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला आहे. त्याचा मोठा भाग १० लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला. हा काळ म्हणजे डायनोसॉरांचे युग आणि नंतरचे युग यांच्यामधला नेमका उंबरठा. त्यामुळे हिस्लॉप यांचे उत्तर पूर्ण बरोबर ठरले नाही, पण त्यांचा प्रश्न अचूक होता. डायनोसॉर का नष्ट झाले? १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीवर प्रचंड अशनी आदळल्याची उपपत्ती मांडली. मेक्सिकोत चिक्शुलूब येथे त्या आघाताचे सुमारे १८० किलोमीटर रुंदीचे विवर सापडले. दुसरीकडे, दख्खनच्या लाव्ह्याबरोबर निघालेल्या वायूंनी हवामान बिघडवून जीवसृष्टीला आधीच खिळखिळे केले होते असे म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञ गटांनी एकाच वेळी आपापली कालगणना प्रसिद्ध केली. दोघांच्या तारखा जवळजवळ आहेत, पण लाव्ह्याचे मोठे लोट अशनीच्या आधी आले की नंतर, याबद्दल एकमत नाही.

या कालगणनेतील एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. बेसाल्टचे वय थेट मोजणे अवघड जाते. म्हणून त्यांपैकी एका गटाने सह्याद्रीत दोन थरांच्या मधला लाल गेरू गोळा केला. त्यात ज्वालामुखीच्या राखेबरोबर पडलेले झिरकॉन नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण होते. त्यांतील युरेनियमचे किती शिसे झाले हे मोजून त्यांनी थरांचे वय काढले. म्हणजे माझे वडील ज्याला घाबरून जपून राहतात आणि वर काढल्यावर बांधावर टाकतात, तोच गेरू जगाच्या एका मोठ्या वादात साक्षीदार म्हणून उभा आहे. हिस्लॉप ज्या मधल्या थरापाशी थांबले होते, तेथेच आजचे शास्त्रज्ञही येऊन थांबले आहेत.

दुसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे. काळ्या पाषाणाच्या खालच्या थरातून तेथे मोठाली हाडे निघतात, याची ओळख हिस्लॉप यांच्या काळातच झाली होती. ती डायनोसॉरांची हाडे होती. तेथेच त्या प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही मिळतात. लखनौच्या साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २००५ मध्ये जाहीर केले की त्यांत गवताच्या पेशींतील सिकताकण आहेत. तोवर डायनोसॉरांच्या काळात गवत असल्याचा असा भक्कम पुरावा नव्हता. २०११ मध्ये त्यांनी त्याच ठिकाणच्या पुराव्यावरून भाताच्या कुळाचा उगमही त्या काळापर्यंत मागे नेला. आपण रोज ज्याला अन्न म्हणून नमस्कार करतो, त्याच्या कुळाचा इतका जुना दाखला विदर्भातल्या एका खेड्याच्या शिवारात निघाला!

हिस्लॉप यांना मात्र हे काही पाहायला मिळाले नाही. १८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली. तेथील प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा आणि हिस्लॉप यांचा स्नेह जमला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी दोघे नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास आणि खणण्यास गेले होते. हे टाकळघाट वेगळे आणि शिंपल्यांची टाकळी वेगळी. काम आटोपून टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप मात्र तेथील शाळेची परीक्षा घेण्यासाठी मागे थांबले. संध्याकाळी ते एकटेच घोड्यावर बसून बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. सकाळी सहज ओलांडलेल्या ओढ्याला पावसाने पूर आला होता. मुक्कामावर घोडा एकटाच परतला. शोध घेतला तेव्हा हिस्लॉप यांचा मृतदेह पाण्यात सापडला. सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चारच दिवस उरले होते. मागे पत्नी आणि मुले होती.

भाद्रपदातल्या ओढ्याचा भरवसा धरू नये, हे आमच्याकडे कयाधू आणि पैनगंगेच्या काठचे लहान पोरही जाणते. अठरा-एकोणीस वर्षे या मुलखात काढलेल्या माणसालाही ते ठाऊक असणार. पण खेड्यातल्या मुलांची परीक्षा राहून जाऊ नये म्हणून त्यांनी उशीर पत्करला. हदगावहून नागपूरला जाणारी गाडी आजही बुटीबोरीवरून जाते. हीच ती बोरी. आता तेथे कारखान्यांची वसाहत आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर टेंपल यांनी त्यांची टिपणे जमवली आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे त्यांचे कागद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. टाकळघाटच्या शिळावर्तुळांचे उत्खनन पुढे १९६८ च्या सुमारास नागपूर विद्यापीठाने शं. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली केले. अपुरे राहिलेले काम कोणीतरी हाती घेतले, हीच शास्त्रातली खरी श्रद्धांजली होय.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागातली गावेच्या गावे भुईसपाट केली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, ही समजूत त्या पहाटे गाडली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीत खोल विवर घेतले तेव्हा ३३८ मीटर जाडीचा काळा पाषाण, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग त्याहून फार जुना खडक लागला. कोयनेच्या भागात तर अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल विवर घेतले गेले. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा हदगावातही भांडी वाजली आणि लोक रस्त्यावर आले. पायाखाली काय आहे हे जाणणे ही मग केवळ विद्वानांची हौस राहत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहते भेगांत, मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात माझे वडील एका मागून एक विहिरी खोल करत होते. एका विहिरीत गेरूचा थर सुटला आणि त्यांचा पाय मोडला. दोन महिने ते घरी पडून होते. ज्या शेतकऱ्याची ती विहीर होती त्याला पाणीही लागले नाही आणि कर्ज मात्र झाले. त्याच्याच बांधाला लागून दोनशे पावलांवर दुसरी विहीर होती आणि तिचे थर माझ्या वडिलांना पाठ होते. पण ते कोणी लिहून ठेवले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. पाणाड्याने नारळ फिरवला, त्याने दाखवलेल्या जागी कुदळ पडली.

येथे मला हिस्लॉप यांची थोरवी उमगते. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, सरकारचा हुकूम नव्हता. त्यांनी पाहिले, जागा टिपली, नमुना जपला आणि जाणत्याकडे पाठवला. एवढे तर आपणही करू शकतो. आमच्या तालुक्यात दर उन्हाळ्यात नव्या विहिरी होतात. प्रत्येक विहीर म्हणजे जमिनीच्या पुस्तकाचे उघडलेले पान आहे. दगडाने बांधून काढले की ते पान मिटते. ते मिटण्याआधी वाचणारा कोणी हवा. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, सरकारचे भूजल खाते आहे. पण हजारो विहिरींच्या कडेला ते उभे राहू शकणार नाहीत. तेथे उभी आहेत ती आपली माणसे. त्यांच्याजवळ ज्ञान आहे, लेखणी नाही. आणि कॉलेजात आलेल्या आम्हा मुलामुलींजवळ लेखणी आहे. प्रश्न एवढाच की आम्ही आपल्या बापाच्या ज्ञानाला ज्ञान म्हणणार की नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून मी एक वही घातली आहे. वडील सांगतात आणि मी लिहिते. गावाचे नाव, शिवार, किती परसांवर मुरूम संपला, कोठे पाषाण, कोठे मांजऱ्या, गेरू किती जाड, पाणी कोठे लागले, वैशाखात किती उरले. आजवर अकरा विहिरी झाल्या. पहिल्या दोन-तीन विहिरींच्या वेळी वडिलांना याचे हसू येत होते. आता कामावरून परतताना ते प्रत्येक थरातला एकेक खडा रुमालात बांधून आणतात आणि उंबऱ्यावर ओळीने मांडून ठेवतात, वरचा थर वर आणि खालचा थर खाली.